दिव्याला आपला नंबर ठाऊक नसतो

गणपतीच्या दिवसांत सांगली-मिरजेत रोषणाई बघायला उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अरे, आत मोठा टीव्ही बसवलाय." कमानीवर मोर पिसारा फुलवत असतो, भगवा फडकत असतो, मागून अक्षरं सरकत येतात. टीव्ही वगैरे काही नसतो. प्लायवूडला १२ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांत पिक्सेल दिवे खोचलेले असतात आणि मागे तीन वायरींची माळ असते: प्लस, मायनस आणि डेटा. दिवे हजार-दोन हजार, डेटाची वायर मात्र एकच. मग नेमका मोराच्या डोळ्याचाच दिवा काळा आणि त्याच्या शेजारचा निळा, हे जमतं कसं? या सगळ्या झगमगाटात मला सर्वांत सुंदर वाटतं ते या प्रश्नाचं उत्तर.

प्रत्येक दिव्याला स्वतःचा पत्ता असेल, असंच कुणालाही वाटेल. पण या माळांमधल्या दिव्याला पत्ता नसतो. आपण कितवे आहोत, हेही त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक दिव्यात डब्ल्यूएस २८११ किंवा त्याच जातीची एक चिप असते आणि तिला एवढंच कळतं: आलेल्या माहितीतले पहिले २४ बिट (म्हणजे शून्य किंवा एक असे २४ संकेत) आपले, बाकीचे पुढे सोडायचे. पंगतीत द्रोणांची चळत हातोहात फिरते, जो तो वरचा एक द्रोण काढून घेतो आणि उरलेली चळत शेजाऱ्याकडे सरकवतो, तसंच हे. कितव्याला कुठला द्रोण मिळणार हे चळत रचतानाच ठरलेलं असतं. बसलेल्यांना आकडे मोजावे लागत नाहीत.

२४ बिट म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकासाठी ८. आठ बिटांत ० ते २५५ असे २५६ आकडे बसतात, म्हणून एका दिव्याला १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा दाखवता येतात. शून्य आणि एक यांतला फरक चिप वेळेवरून ओळखते. वायरवरचा विजेचा दाब क्षणभर चढून लगेच उतरला तर शून्य, थोडा जास्त टिकला तर एक. एका बिटाचा एकूण वेळ मात्र दोन्हींत सारखाच, सव्वा मायक्रोसेकंद. चिप पुढचे बिट नुसते सोडून देत नाही, त्यांच्या कडा पुन्हा सरळ करून पाठवते. त्यामुळे पाचशेव्या दिव्यापर्यंतही संकेत ताजा पोहोचतो. सगळं वाटून झालं की कंट्रोलर, म्हणजे माळेला माहिती पाठवणारा डबा, निदान पन्नासेक मायक्रोसेकंद गप्प बसतो. ही शांतता हाच हुकूम: सगळ्या चिपा आपापला नवा रंग एकदम लावतात.

यातूनच एक गंमत निघते, आणि ती डेकोरेटरकडच्या पोरांना चांगलीच माहीत असते. मधला एक दिवा मेला की त्याच्या पुढची सगळी माळ आंधळी होते, कारण चळत पुढे सरकवणाराच उरला नाही. घाईत कुणीतरी तो दिवा कापून मागची-पुढची वायर जोडतं. माळ पुन्हा पेटते, पण चित्र बिघडलेलं असतं. मेलेल्या दिव्याचा रंग आता पुढच्याला मिळतो, त्याचा त्याच्या पुढच्याला. माळ सापासारखी फिरवलेली असते, एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. त्यामुळे एका ओळीत चित्र एक घर उजवीकडे सरकतं, खालच्या ओळीत एक घर डावीकडे. सरळ उभी रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसू लागते आणि दात्यांमधलं अंतर बरोबर दोन घरांचं असतं. असे दाते दिसले की समजावं, जिथून ते सुरू झाले तिथे एक दिवा कमी आहे. उपाय दोनच: नवा दिवा जोडणं, किंवा सॉफ्टवेअरमधल्या नकाशातून ते घर काढून टाकणं.

हा नकाशा हेच सॉफ्टवेअरचं खरं काम. एलईडी एडिट असो की एक्सलाइट्स, आधी त्याला सांगावं लागतं की माळेतला कितवा दिवा फळीवर कुठल्या जागी आहे. मग व्हिडिओ त्या नकाशाखाली ठेवला जातो. समजा फळीवर ६४ गुणिले ३६ म्हणजे २,३०४ दिवे आहेत आणि व्हिडिओ १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचा आहे. एका दिव्याच्या वाट्याला ३० गुणिले ३० म्हणजे ९०० ठिपके येतात. सॉफ्टवेअर त्यांची सरासरी काढून एक रंग ठरवतं. बारीक रेघा या सरासरीतच विरून जातात. म्हणूनच दिव्यांवर फोटो फिके पडतात आणि जाड, ठसठशीत आकार शोभतात. देवनागरीला तर वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी वेगळी जागा लागते. आठ-दहा ओळींच्या पट्टीवर "मोरया" लिहायला गेलं की मात्रा शिरोरेषेला चिकटते.

नकाशा बरोबर असूनही व्हिडिओ अडखळतो, त्याचं कारण साधं गणित. एका दिव्याच्या २४ बिटांना ३० मायक्रोसेकंद, तर २,३०४ दिव्यांच्या एकाच माळेला जवळपास ६९ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम १४ चित्रं. आठ माळा करून कंट्रोलरच्या आठ पोर्टवर लावल्या की हाच वेळ ९ मिलिसेकंदांच्या आत येतो. रंगमंचावरच्या दिव्यांसाठी १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्स ५१२ पद्धतीत एका वायरीवर ५१२ चॅनेल असतात, म्हणजे तीन रंगांचे १७० दिवे. आपल्या फळीला तशा १४ वायरी लागल्या असत्या. १९९८ मध्ये आलेल्या आर्ट-नेटमुळे हीच माहिती साध्या नेटवर्क केबलवरून जाऊ लागली.

हल्ली "एआय पिक्सेल लायटिंग" अशी जाहिरात करून दुप्पट दर सांगितला जातो. मंडळांनी त्याला भुलू नये. बहुतेक वेळा आत एसडी कार्डावरची आधीच तयार केलेली फाइल असते, कंट्रोलर ती ओळीने वाचून पुढे सोडतो. कौतुक करायचंच तर कमानीमागे बसून एकेका दिव्याची जागा नकाशात भरणाऱ्या मुलाचं करावं.

आणखी एक गोष्ट नेहमी चुकते. १२८ हा आकडा दिला की दिवा निम्मा प्रकाश देतो, पण डोळ्याला तो निम्म्याहून बराच उजळ वाटतो, कारण आपला डोळा अंधारातले फरक जास्त ठळक टिपतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये गॅमा नावाची दुरुस्ती असते. ती २.२ ठेवली की १२८ च्या जागी फक्त ५६ पाठवले जातात आणि चित्र धुरकट न दिसता खोल दिसतं. बहुतेक ठिकाणी हा एक पर्याय चालू केला तरी फरक लगेच कळतो.

शाळा-कॉलेजातल्या मुलांनी हे घरी जरूर करून बघावं. १६ गुणिले १६ ची ५ व्होल्टची तयार जाळी, ईएसपी ३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. पूर्ण पांढऱ्या रंगात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे २५६ दिवे १५ अँपिअर. मोबाइलचा चार्जर इथे चालणार नाही. सप्लाय जाळीला एकाच टोकाला जोडला तर दुसऱ्या टोकाला पांढरा तांबूस दिसतो, कारण लांब वायरीत विजेचा दाब घटतो आणि निळ्या-हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला सुमारे दोनच पुरतात. तेव्हा प्लस-मायनस दोन्ही टोकांना द्यावेत. डेटा मात्र एकाच टोकाला, बाण आत जाताना दाखवलेला असतो तिथेच.