कार्गोचं लायसन्स नसतं हो, टाइप रेटिंग असतं

बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या पायलट परीक्षांचे विषय शिकवतो, त्यामुळे नंबर फिरत असतो. यंदा सांगलीहून एका वडिलांचा आला. त्यांचे स्वतःचे दोन ट्रक आहेत. म्हणाले, "सर, पोराला प्रवाशांच्या भानगडीत पडायचं नाही. थेट कार्गोचं लायसन्स काढायचंय. किती लागतील?"

ट्रकवाल्याला हा प्रश्न पडणारच. आरटीओत अवजड गाडीचं लायसन्स वेगळं, आणि प्रवाशांची एसटी चालवायची तर वर बॅज-बिल्ला. तोच हिशेब विमानाला लावला जातो. त्यांचं ठीक आहे. पण 'कार्गो पायलट कोर्स' अशी जाहिरात करणाऱ्यांना तर माहीत असतं ना! ती जाहिरात दिसली की माझं डोकं फिरतं.

लायसन्सचं तुम्हाला माहीत असेल, भरभर सांगतो. बारावीला फिजिक्स आणि गणित, वयाची 18 वर्षं, क्लास 1 मेडिकल, लेखी परीक्षा आणि 200 तासांचं उड्डाण, की सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स. बारामतीत करा, गोंदियात करा नाहीतर परदेशात. त्यावर माल की माणसं हे कुठेही लिहिलेलं नसतं. कॅप्टन व्हायला पुढे 1500 तास आणि एटीपीएल हे वरचं लायसन्स. तिथेही तेच.

आता घोळ होतो ती जागा. सीपीएल हातात येतं तेव्हा त्यावर तुम्ही ज्यावर शिकलात ते विमान असतं, बहुधा सेसना 172. चार सीटांचं, वजन पुरतं सव्वा टनही नाही. या कागदावर कुणी तुम्हाला बोइंग 757 सारख्या मोठ्या जेटच्या जवळ उभं करणार नाही. त्याचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 115 टनांच्या आसपास जातं. मधली फट भरते ती टाइप रेटिंगने. ठरावीक बनावटीच्या विमानाची सगळी यंत्रणा शिकायची, सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पाडून, आग लावून घेऊन परीक्षा द्यायची, मग ते नाव लायसन्सवर चढतं.

आणि रेटिंग विमानाचं असतं, पोटातल्या मालाचं नाही. बोइंग 737-800 मध्ये खुर्च्या असोत की कुरिअरची खोकी, रेटिंग एकच. इंडिगोने 2022 पासून एअरबस ए321 ची मालवाहू विमानं उडवायला सुरुवात केली. त्यांचं रेटिंगही प्रवासी ए320 च्याच घराण्यातलं. म्हणजे ए320 वर प्रवासी नेणारा पायलट उद्या ए321 च्या मालाकडे वळला तर त्याला नवीन लायसन्स लागत नाही आणि नवीन रेटिंगही लागत नाही.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. चेन्नईच्या ब्लू डार्ट एव्हिएशन या मालवाहू कंपनीकडे 757 आहेत. भारतातली एकही प्रवासी कंपनी आज 757 उडवत नाही. त्यामुळे 757 चं रेटिंग भारतात जवळपास एकाच दारात चालतं. अमेरिकेत आणि युरोपात 757 आणि 767 चं रेटिंग एकत्र धरतात, तिकडे या विमानांचे मालवाहू ताफेही मोठे आहेत. पण तिथे काम करायची परवानगी आणि तिथलं लायसन्स हा वेगळा डोंगर. तेव्हा 'कार्गोत जायचंय' म्हणण्याआधी 'कोणतं विमान' हे विचारा. पोरं याच्या नेमकं उलट करतात.

माझा एक विद्यार्थी स्वतःच्या खिशातून, म्हणजे वडिलांच्या जमिनीतून, रेटिंग करून आला. नोकरीचं पत्र नव्हतंच. त्याच्या घरी गेलो तर भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर, समोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची, आणि हा पठ्ठ्या ओव्हरहेड पॅनलच्या, म्हणजे डोक्यावरच्या स्विचांच्या फळीच्या, चित्रावर बोट फिरवत स्विच 'दाबतोय'. विसरू नये म्हणून. कारण रेटिंग मिळालं की संपत नाही. पायलटला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये तपासणी द्यावी लागते, आणि नोकरी नसेल तर तो खर्च कोण करणार? माझं मत ठाम आहे: सीपीएल स्वतः काढा, रेटिंगला कंपनीचं पत्र हातात असल्याशिवाय हात लावू नका. पत्र असलं तरी बाँडची, म्हणजे कंपनी लवकर न सोडण्याच्या कराराची, कलमं वाचा.

मग कार्गोत वेगळं काही नाहीच का? आहे, पण ते कंपनी शिकवते. 2013 मध्ये अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून उडालेल्या 747 मालवाहू विमानात चिलखती गाडी बांधणीतून सुटली, मागे सरकली आणि शेपटाकडची यंत्रणा निकामी झाली. सातही जण गेले. माल बांधणं, धोकादायक वस्तूंचे नियम, वजन कुठे पडतंय, हे इथे जीवनमरणाचं असतं. मोठ्या मालवाहू विमानाच्या मुख्य मजल्यावर आग लागली तर बरेचदा हवेचा दाब काढून घेऊन ती गुदमरवायची असते. हे प्रवासी विमानात करून चालेल का?

बाकीचे फरक किरकोळ. रात्रीची ड्यूटी जास्त, गणवेश तसाच. आणि आपल्याकडे नियमित विमानसेवा मुळात मालानेच सुरू झाली: 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून जुहूला आले ते टपाल घेऊन.

सांगलीच्या वडिलांना हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे विमान ठरवायचं, माल नाही. बरं सर, आणि वर जेवणाचं काय? चहा द्यायला कुणी नसेल ना?"

नसतं. ओव्हन असतो, डबा स्वतःच गरम करायचा.