एसएस-४ फॅक्सने पाठवताना: ईआयएनसाठी पात्रता, कागदपत्रं आणि फाइलची तयारी

भारतात राहून अमेरिकेत एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) नोंदवली की पुढचं काम ईआयएनचं, म्हणजे कंपनीच्या कर-ओळख क्रमांकाचं. त्याचा अर्ज म्हणजे एसएस-४. हा नऊ आकडी क्रमांक तिथला करविभाग, म्हणजे आयआरएस देतं आणि त्याशिवाय बँकेत खातं उघडणं अवघड. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (तिथला वैयक्तिक कर क्रमांक) नसेल तर ऑनलाइन अर्ज करता येत नाही. मग उरतात फोन, टपाल आणि फॅक्स. टपालाला काही आठवडे लागतात. फॅक्सला साधारण चार कामकाजाच्या दिवसांत उत्तर देतो, असं आयआरएस सांगतं. क्रमांक मोफत मिळतो. ‘सरकारी फी’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

अर्जाआधी कंपनीची राज्यात नोंदणी झालेली हवी. अर्जातली जबाबदार व्यक्ती माणूसच असावी लागते, दुसरी कंपनी चालत नाही. एका व्यक्तीला दिवसाला एकच ईआयएन मिळतो.

पाठवायचा असतो तो फक्त सही केलेला एसएस-४, वर हवं तर कव्हर पत्र. पासपोर्ट, नोंदणीपत्र जोडावं लागत नाही. ओळ १ मध्ये कंपनीचं नाव नोंदणीपत्रात आहे तसंच लिहा, स्वल्पविरामासकट. जबाबदार व्यक्तीचा क्रमांक विचारणाऱ्या ७बी मध्ये ‘फॉरेन’ लिहा. मालक एकच असेल आणि कर-प्रकार बदलून घेतलेला नसेल, तर ९ए मध्ये ‘अदर’वर खूण करून पुढे ‘डिसरिगार्डेड एंटिटी’ (करासाठी मालकापासून वेगळी न धरलेली कंपनी) लिहा. हे सगळं अर्थातच इंग्रजीत. सहीजवळ तुमचा फॅक्स क्रमांक हवाच, कारण उत्तर तिथेच येतं.

आता फाइल. अर्ज नीट भरलेला असतो, पण पलीकडे अक्षरं फुटलेली पोचतात. बहुतेक जण वर्डमधलं कव्हर पत्र तसंच ऑनलाइन फॅक्स सेवेवर चढवतात आणि रूपांतर तिच्यावर सोडतात. ते आपल्या हातात ठेवा. फॅक्सला राखाडी रंग कळत नाही, ठिपका काळा नाहीतर पांढरा. एका ओळीत १७२८ ठिपके, म्हणजे इंचाला सुमारे २०४. उभ्या दिशेने साध्या प्रतीत इंचाला ९८ ओळी, ‘फाइन’मध्ये १९६. नेहमी फाइनच निवडा. ९८ वर ८ आणि ३ मधला फरक पुसला जातो.

वर्डमध्ये कागद ए४ ऐवजी लेटर करा, अक्षर १२ पॉइंट ठेवा, रंगीत लोगो आणि राखाडी पट्ट्या काढा. मग पीडीएफ करा आणि एसएस-४ त्याला जोडा. सही काळ्या शाईची हवी, फिकट निळी उडून जाते. ही पीडीएफ घोस्टस्क्रिप्ट या रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून ‘टिफ-जी४’ या फॅक्सच्या चित्र-प्रकारात काढली की २०४ बाय १९६ ची, सगळी पानं एकत्र असलेली काळी-पांढरी टिफ फाइल मिळते. ती उघडून सही आणि ओळ १ मोठी करून बघा. तुम्हाला वाचता येत नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्यालाही येणार नाही. तुमची सेवा टिफ घेत नसेल तर हीच टिफ पुन्हा पीडीएफ करून चढवा.

अमेरिकेबाहेरून पाठवायचा फॅक्स क्रमांक वेगळा आहे. तो आयआरएसच्या संकेतस्थळावरूनच घ्या. पाठवल्याची पावती जपून ठेवा. उत्तर लांबलं म्हणून तोच अर्ज पुन्हा पाठवू नका, एकाच कंपनीला दोन क्रमांक पडू शकतात. आधी फोन करून चौकशी करा.