अंटार्क्टिकावर बर्फ साचला कधी? समुद्रतळाच्या गाळातून लागलेला छडा

अंटार्क्टिकाचा बर्फ किती जुना हे त्या बर्फातून कळत नाही, खरी अडचण तिथूनच सुरू होते. तिथल्या डोम सी नावाच्या जागी युरोपियन टीमने ३ किलोमीटरपेक्षा खोल ड्रिल करून जो बर्फ काढला तो ८ लाख वर्षं मागे जातो, अलीकडे त्याच्याच जवळून १२ लाख वर्षांपर्यंतचा सलग बर्फ हाती आला. पण हिमचादर, म्हणजे खंड झाकणारा बर्फाचा जाड थर, स्वतः साधारण ३.४ कोटी वर्षांची आहे. बर्फ सतत वाहत असतो, वरून नवा पडतो, जुना कडेकडेने समुद्रात जातो नाहीतर तळाशी वितळतो, त्यामुळे पहिला बर्फ कधीच गेलेला आहे. शिवाय हिमनदी खालचा खडक खरवडतच पुढे सरकते, म्हणजे आधीच्या खुणा तीच पुसते. जे काही उरलं ते समुद्रतळाच्या गाळात.

बर्फाच्या खुणा ओळखणं तसं जुनं. घासून गुळगुळीत झालेला आणि समांतर ओरखडे पडलेला खडक, बारीक मातीत रुतलेले लहानमोठे धोंडे, असं दिसलं की भूशास्त्रज्ञाला हिमनदी आठवते. १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरला भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड बंधूंना असेच धोंडे दिसले आणि इतक्या उष्ण प्रदेशात हे काम बर्फाचं असावं असं त्यांनी मांडलं, जे त्या काळी पचायला फारच जड होतं. तो बर्फ ३० कोटी वर्षांच्या आसपासचा, भारत, अंटार्क्टिका वगैरे एकत्र जोडलेला गोंडवन खंड दक्षिण ध्रुवाभोवती होता तेव्हाचा. तो वितळून गेला, आणि नंतर अंटार्क्टिकावर चक्क जंगलं होती. १९१२ मध्ये ब्रिटिश शोधमोहिमेचा प्रमुख स्कॉट आणि त्याचे साथीदार ध्रुवावरून परतताना मेले, त्यांच्या शेवटच्या तंबूपाशी जे १५-१६ किलो दगड सापडले त्यात ग्लोसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे होते. अंगात त्राण नसताना त्यांनी ते दगड टाकले नाहीत, हे वाचलं की मला दर वेळी गलबलून येतं. पुढे २०१० मध्ये पूर्व अंटार्क्टिकातल्या विल्क्स लँडसमोरच्या समुद्रात ड्रिल केलं तर ५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात ताडाच्या जातीच्या झाडांचे परागकण मिळाले.

मग एवढी हिरवी जमीन गोठली कधी?

पहिला मोठा धक्का ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने दिला. १९७२-७३ च्या दक्षिणी उन्हाळ्यात ते अंटार्क्टिकाला लागून असलेल्या रॉस समुद्रात गेलं, तळ खणला, आणि अडीच कोटी वर्षं जुन्या गाळातही हिमनदीने आणलेले खडे मिळाले. अंटार्क्टिकाचा बर्फ इतका जुना असेल असं तोवर फार कोणी धरून चाललं नव्हतं.

त्याच सुमारास दुसरीकडून एक वेगळाच पुरावा येत होता. समुद्राच्या तळाशी फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव राहतात, वाळूच्या कणाएवढे, आणि त्यांचं कवच चुन्याचं असतं. गाळ धुऊन चाळायचा, मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशने एकेक कवच उचलायचं, मग अॅसिडमध्ये विरघळवून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे हलके-जड अणू वेगळे करणाऱ्या यंत्रात, मोजायचा, असं हे भलतं चिकाटीचं काम. मोजायचं काय तर हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८ यांचं प्रमाण. समुद्राचं पाणी वाफ होताना हलका ऑक्सिजन जास्त जातो, ती वाफ ध्रुवावर बर्फ होऊन अडकली की समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं आणि ते कवचात उतरतं. पण पाणी थंड झालं तरीही कवचात जड ऑक्सिजन वाढतो. म्हणजे आकडा एक आणि कारणं दोन. या विषयातली पुढची तीस-पस्तीस वर्षांची भांडणं बहुतेक ह्या एका गोष्टीवरून झालेली आहेत.

१९७५ मध्ये निक शॅकल्टन आणि जेम्स केनेट यांनी न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या गाळावरून मोठा आलेख मांडला. इओसीन हा भूशास्त्रीय काळ संपून ऑलिगोसीन सुरू होतो तिथे, म्हणजे ३.४ कोटी वर्षांपाशी, त्यात मोठी उडी दिसत होती, पण त्यांनी ती मुख्यतः पाणी थंड झाल्याची धरली आणि मोठी हिमचादर १.४ कोटी वर्षांपूर्वीची मानली. रॉस समुद्रातले खडे ह्याच्याशी नीट जुळत नव्हते. मग बर्फ नुसता डोंगरांवर हिमनद्यांपुरता होता का, की खंडभर पसरला होता? यावर बराच काळ दोन तट राहिले.

माझ्या मते निकाल लावणारा पुरावा केर्गेलेन पठारावरचा. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला पाण्याखाली असलेलं हे ज्वालामुखीचं पठार, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर. १९८८ मध्ये तिथल्या कोअरमध्ये, म्हणजे ड्रिलने काढलेल्या गाळाच्या लांब नळकांड्यात, पांढऱ्या चुनखडी गाळाच्या मधोमध वाळूचा एक थर आला, त्यात क्वार्ट्झचे टोकदार कण आणि जड खनिजं. पठाराच्या ज्वालामुखी खडकातून हे येणं शक्य नाही, वारा एवढी जाड वाळू इतक्या लांब नेत नाही, आणि प्रवाहाने वाहत आली असती तर टोकं झिजली असती. हिमनग वितळला आणि पोटातली वाळू तिथे सांडली, एवढंच उत्तर उरतं. आणि ह्याच कोअरमधली कवचं मोजली तर ऑक्सिजनची उडी नेमकी त्याच थरापाशी! दोन्ही पुरावे एकाच ठिकाणी, एकाच वेळी. संशोधक झॅकोस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे छापलं आणि ३.४ कोटी वर्षांच्या बाजूने पारडं झुकलं.

थंडी किती आणि बर्फ किती हा हिशोब मात्र बाकी होता. त्यासाठी कवचातल्या मॅग्नेशियमचा आधार घेतला, कारण ते तापमानावर अवलंबून असतं. २००० मध्ये आलेल्या निकालात पाणी थंड झाल्याचं दिसेचना, म्हणजे सगळी उडी बर्फाचीच धरावी लागली असती, आणि एवढा बर्फ अंटार्क्टिकावर मावणं अवघड. २००५ मध्ये पॅसिफिकच्या विषुववृत्ताजवळच्या एका कोअरने घोळ कुठे असावा ते दाखवलं. त्याच काळात समुद्राची रसायनंच बदलली होती, चुन्याची कवचं जिथपर्यंत टिकतात ती खोली एक किलोमीटरहून जास्त खाली गेली होती, आणि त्याने मॅग्नेशियमचं गणित बिघडत होतं. याच कोअरमध्ये हेही दिसलं की हा बदल दोन टप्प्यांत झाला, प्रत्येक टप्पा साधारण ४० हजार वर्षांचा, जे भूशास्त्रात फारच झटपट. नंतर टांझानियातल्या चिकणमातीत छान टिकलेल्या कवचांवरून अडीच अंशांच्या आसपास थंडी निघाली आणि बाकी उडी बर्फाची.

कारणाबद्दल केनेटचं म्हणणं होतं की ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका दूर सरकल्यावर अंटार्क्टिकाभोवती थंड प्रवाह फिरू लागला आणि खंड एकटा पडला. २००३ मध्ये डीकॉन्टो आणि पोलार्ड यांच्या मॉडेलने वेगळं दाखवलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड ७५० पीपीएमच्या (दहा लाखात ७५० भाग) आसपास उतरला की प्रवाहाचे मार्ग कसेही असले तरी चादर वाढू लागते. टांझानियाच्याच कवचांमधल्या बोरॉनवरून त्या काळच्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज काढला, तर २००९ मध्ये आकडा साधारण तिथेच आला. मला कार्बनची बाजू जास्त पटते, पण समुद्राचे मार्ग उघडल्याचा काहीच हात नव्हता असं नाही.

आणि चादर सगळीकडे एकदम पसरली असंही नाही. २०१७ मध्ये पोलारस्टर्न जहाजाने अमुंडसेन समुद्रात तळावर ठेवायच्या ड्रिलने त्याच काळातला गाळ काढला, तो अभ्यास २०२४ मध्ये आला. पूर्व अंटार्क्टिका बर्फाखाली गेलेली असताना पश्चिमेच्या ह्या किनाऱ्यावर चादर पोचलेलीच नव्हती, तिथे अजून झाडं उभी होती.