रणगाडा लहान होतो, थेंब होत नाही

नगरचं रणगाडा संग्रहालय बघून आलेल्या मित्राने माझ्यासाठी पिशवीभर माती आणली. "तुझ्या पॅटनला लाव. खरी माती, मग रणगाडाही खराच दिसणार!" जीव लावून आणली होती, पण दोन अडचणी होत्या. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले ते पंजाबात, खेमकरणजवळ असल उत्तरच्या पाणी भरलेल्या शेतांत. तिथली गाळाची माती वेगळी, नगरची काळी माती वेगळी. दुसरी अडचण मात्र मोठी. माझा पॅटन म्हणजे १:३५ प्रमाणातलं, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल. साडेतीन मीटर रुंदीचं धूड दहा सेंटीमीटरांत बसवलेलं. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण ठेवला, की त्याची पावणेदोन सेंटीमीटरची खडी होते!

मॉडेल जोडणं, प्राइमर मारणं, एअरब्रशने ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी हिरवट, ॲक्रिलिक रंग फवारणं हे सगळं सरावाचं काम. ते संपलं की समोर एक नवंकोरं खेळणं उभं असतं. त्याला वापरलेलं, मळलेलं रूप देणं म्हणजे वेदरिंग. आणि वेदरिंगमधली माझी सगळ्यात लाडकी पायरी म्हणजे वॉश, पाण्यासारखा पातळ केलेला रंग फटींत सोडणं.

बर्न्ट अंबर या गडद तपकिरी तैलरंगाचा मुगाएवढा ठिपका घ्यायचा आणि व्हाइट स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करायच्या द्रवात) चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा. बारीक ब्रशचं टोक त्यात बुडवून झाकणाच्या फटीला नुसतं टेकवायचं. ब्रश फिरवायचा नाही. तपकिरी रेघ आपोआप फटीतून पळत सुटते, कोपऱ्यावर वळते, चाकावरच्या प्रत्येक नटाभोवती कडं करते. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी अजून हात थांबतो.

हे शाळेत शिकलेलं केशाकर्षण. स्पिरिटला रंगाचा पृष्ठभाग 'आवडतो', म्हणजे ते त्यावर पसरू पाहतं. अरुंद खाचेत त्याला तीन बाजूंनी भिंती मिळतात, त्यामुळे पुढच्या टोकाचा पृष्ठभाग आत वळतो आणि तिथला दाब उतरतो. मागचा द्रव त्या कमी दाबाकडे ओढला जातो. ही ओढ खाचेच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. थोडा हिशेब करू. खाच ०.२ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल धरली आणि स्पिरिटचा पृष्ठीय ताण मीटरला ०.०२५ न्यूटन घेतला, तर ओढ येते २५० पास्कल. एवढ्यावर द्रव सरळ उभा तीनेक सेंटीमीटर चढू शकतो. आता हीच फट खऱ्या रणगाड्यावर ३५ पट, म्हणजे ७ मिलिमीटर. तिथे ओढही ३५ पट कमी. पावसाच्या पाण्याचा ताण स्पिरिटच्या जवळजवळ तिप्पट असतो, तरी ते अशा फटीत जेमतेम दोन मिलिमीटर चढेल.

म्हणजे खऱ्या पॅटनच्या फटीत घाण साचते ती वजनाने, पावसाने, जवानांच्या बुटांनी. माझ्या पॅटनच्या फटीत ती येते पृष्ठीय ताणाने. चित्र एकच, चित्रकार वेगळे.

वॉशआधी ग्लॉस, म्हणजे गुळगुळीत चकचकीत, वार्निशचा हात का मारतात, तेही इथे कळतं. मॅट, म्हणजे बिनचमकीचा, रंग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो, म्हणजे त्यात लाखो बारीक खाचाच असतात. वॉशला तिथे सगळीकडेच केशाकर्षण भेटतं, तो डागासारखा पसरतो आणि वाळताना कडेला गडद रेघ सोडतो. थेंबाची कड आधी वाळते, तिथली तूट भरायला आतला द्रव धावतो आणि रंगाचे कण सोबत नेतो. फरशीवर सांडलेला चहा वाळल्यावर त्याची कड गडद दिसते, तीही याचमुळे. बाजारात 'खास फॉर्म्युल्या'च्या वॉशच्या इवल्याशा बाटल्या मिळतात. सोयीच्या आहेत, घ्या खुशाल, पण केशाकर्षणाचा फॉर्म्युला फ्रेंच गणिती लाप्लासने दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय.

युद्धाची वस्तू शोकेसमध्ये ठेवली की घरात भांडणं होतात, असं एका वास्तुतज्ज्ञांनी आमच्याकडे सांगितलं होतं. भांडणं झाली हे खरं, पण ती स्पिरिटच्या वासावरून. आता खिडकी उघडी ठेवतो, शांतता आहे.

वॉश जिथे फुकटात काम करतो, तिथे पावसाच्या ओघळांची नक्कल मात्र दगा देते. पाण्याचा तीन मिलिमीटरचा थेंब मॉडेलच्या उभ्या भिंतीवर बऱ्याचदा चिकटून बसतो. प्रमाणात पाहिलं तर तो सोललेल्या नारळाएवढा थेंब झाला! खऱ्या रणगाड्यावर असा थेंब क्षणभरही टिकणार नाही. पाण्याच्या बाबतीत साधारण २.७ मिलिमीटरच्या खाली पृष्ठीय ताणाचं राज्य, वर गुरुत्वाकर्षणाचं. माझे नट-बोल्ट, कड्या, बिजागऱ्या सगळे त्या रेषेच्या खालचे. म्हणून ओघळ हाताने ओढावे लागतात. तैलरंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका द्यायचा आणि स्पिरिटने ओलसर केलेला चपटा ब्रश वरून खाली, सरळ, एकदाच.

मित्राची माती मी मलमलच्या कापडातून तीनदा गाळली. जे पीठ खाली पडलं, ते रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्यांना लावलं. वर उरलेली 'खडी' कुंडीत गेली. पॅटन बघून तो म्हणाला, "बघ, माझ्या मातीनेच जान आली." फटींमधल्या तपकिरी रेघांबद्दल त्याने एक शब्द काढला नाही.