डोंगराआडची द्राक्षे

कोल्हापूरहून पश्चिमेला सुमारे 55 किलोमीटरांवरच्या गगनबावड्यात वर्षाकाठी 5000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, कोल्हापूर शहरात तो 1000 च्या आसपास उरतो आणि पूर्वेला शिरोळ ओलांडून तासगाव-कवठेमहांकाळकडे जावे तसा आणखी आटत जातो. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांच्या या आडोशाला, म्हणजे पर्जन्यछायेत, आपल्याकडच्या द्राक्षबागा उभ्या आहेत. वाईनच्या द्राक्षांसाठी नावाजलेल्या अर्जेंटिनातील मेंडोझा या प्रांताची गोष्ट याच सूत्राची आहे, फक्त तिथला डोंगर अँडीज आहे आणि त्याचे सर्वोच्च शिखर, अकोंकाग्वा, 6961 मीटर उंच आहे.

प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प चिलीच्या बाजूलाच रिते होते आणि मेंडोझाच्या वाट्याला वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस येतो. एवढ्या कोरड्या हवेत डाऊनीसारखे बुरशीजन्य रोग फारसे डोके वर काढत नाहीत. ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवा आली की फवारणीचा पंप खांद्यावरून न उतरवणाऱ्या आपल्या बागायतदाराला याचा हेवा वाटेल. मात्र सह्याद्रीकडे जे नाही ते अँडीजकडे आहे, ते म्हणजे बर्फ. हिवाळ्यात साचलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि ते पाणी पाटांनी बागांपर्यंत येते. या पाटांची सुरुवात स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या वार्पे जमातीने केली होती. पुढे 1884 च्या कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीला जोडून टाकला. मेंडोझा शहरात आजही रस्त्याच्या कडेने असे उघडे पाट वाहतात आणि त्यांवरच तिथली झाडे जगतात.

आता उंचीकडे वळू. मेंडोझा शहराच्या दक्षिणेकडील उको खोऱ्यातील बागा साधारण 900 ते 1500 मीटरांवर आहेत, म्हणजे त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या पन्हाळ्याच्याही वर. तिथे दिवसा कडक ऊन असते आणि रात्री तापमान दिवसापेक्षा 15 अंशांहूनही अधिक खाली उतरते. याचा परिणाम समजून घ्यायचा तर द्राक्षाच्या मण्यात डोकावले पाहिजे. मण्यात मुख्यतः दोन आम्ले असतात: एक चिंचेला आंबटपणा देणारे टार्टारिक, दुसरे सफरचंदातले मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहते; मॅलिक आम्ल मात्र पिकणारा मणी श्वसनासाठी खर्च करतो आणि हवा जितकी उबदार तितका हा खर्च जास्त. रात्र गार असली की तो मंदावतो, त्यामुळे साखर भरपूर भरूनही आंबटपणा शिल्लक राहतो. (थंडी पडली की उसाचा साखर उतारा वाढतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको, पण उसातली कारणे वेगळी आहेत, दोन्हींची गल्लत करू नये.)

दुसरा परिणाम सालीवर होतो. दर 1000 मीटरांमागे अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि त्यांच्यापासून बचाव म्हणून द्राक्ष सालीत रंगद्रव्ये व तुरट टॅनिन अधिक साठवते. मार्चमध्ये हातगाडीवरून घेतलेले थॉमसन द्राक्ष दातांखाली धरले की त्याची पातळ साल जाणवतही नाही. वाईनच्या काळ्या द्राक्षात मात्र रंग त्या सालीतूनच येतो, कारण रस बहुधा रंगहीनच असतो; तुरटपणाचाही मोठा भाग सालीतूनच येतो.

इथे नावारूपाला आलेले वाण माल्बेक हे मूळचे फ्रान्सचे, मिशेल पुजे या कृषितज्ज्ञाने ते 1853 मध्ये मेंडोझात आणले. सखल, गरम भागातील माल्बेक मऊ आणि जांभळासारखे गर्द लागते, तर उकोच्या चढावरचे अधिक ताठ, आंबटसर आणि फुलांच्या वासाचे असते. वाईनच्या बाटल्यांवर फुलाफळांच्या ज्या लांबलचक याद्या छापतात त्यांतले निम्मे वास मला कल्पनेचे वाटतात. आंबटपणातला हा फरक मात्र प्रयोगशाळेत मोजता येतो.

या हवामानाचे काच वेगळेच आहेत. उन्हाळ्यात अचानक गारपीट होते, म्हणून अनेक बागांवर जाळ्या ताणलेल्या दिसतात. वसंतातले दव गोठले तर कोवळे फुटवे करपतात. त्यातच 2010 पासून मध्य अँडीजमध्ये बर्फ कमी पडू लागला आहे. वाढत्या उष्म्यामुळे बागा आणखी वर चढत आहेत, पण तिथवर जुने पाट पोहोचत नाहीत. त्या उतारांवर खोल विहिरींतून उपसलेले पाणी ठिबकने द्यावे लागते.