कुणाकडेही जाणारं मूल

दोन वर्षांची लेक दत्तक येऊन महिना झालेला. नाव ठेवण्याच्या कार्यक्रमाला घर भरलंय. ती या मावशीच्या कडेवरून त्या काकूंच्या कडेवर, जरासुद्धा न रडता. "किती लाघवी आहे हो, कुणाकडेही जाते!" मग ती धावताना पडते, गुडघा खरचटतो आणि ती जवळच्या पाहुण्याचा पाय धरते. आई चार पावलांवर उभी असते. तिच्या काळजात चर्र होतं.

साधारण आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्याला पाहून भोकाड पसरतं. आपलं माणूस कोण, हे त्याला कळू लागलेलं असतं. रडलं की तेच हात, तोच आवाज, तोच वास, असं शेकडो वेळा घडल्यावर हे कळतं. संस्थेत मुलं बरीच, सांभाळणाऱ्या ताईंच्या पाळ्या बदलत्या. त्यांनी कितीही माया केली तरी एक चेहरा रोज मिळत नाही. मग मूल समोर येईल त्याला हसून दाखवायला शिकतं. त्याची ती तगून राहायची धडपड असते.

रोमानियात डिसेंबर 1989 मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांची भीषण अवस्था जगासमोर आली. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या तिथल्या 165 मुलांचा बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत तिथून सुटलेली मुलं ब्रिटनमधल्याच दत्तक मुलांसारखी वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांत परक्यांशी अशी सलगी, चंचलपणा पुढेही टिकला. मात्र त्यांच्यातल्याही सुमारे पाचव्या हिश्शाच्या मुलांना कधीच मोठा त्रास झाला नाही. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या सगळ्या संस्था तशा नसतात, हेही सांगायला हवं.

म्हणूनच पहिले काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आईबाबांनीच करावं. आजी-मावश्यांना हे जड जातं, पण त्यांनी लाड जरा लांबूनच करावेत. उशीखाली लपवलेला पोळीचा तुकडा सापडला तरी रागावू नये. उद्या जेवण मिळेल यावर तिचा अजून भरवसा बसलेला नाही.

आणि एक दिवस शेजारच्या काकू हात पुढे करतात. पोरगी मागे सरकते, आईच्या ओढणीत तोंड खुपसून मोठ्यांदा रडते. काकू ओशाळतात. आई तिला घट्ट धरून तशीच उभी राहते.