शॉडी

शॉडी : जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या फाडून-पिंजून मिळवलेला तंतू व त्याचे कापड. इंग्रजीत विशेषण म्हणून हा शब्द वरून ठाकठीक पण आतून कच्चा असा माल, निकृष्ट काम व हलकी वागणूक यांना लावतात.

शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. एका मतानुसार तो ‘सांडणे, वेगळे होणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूशी संबंधित असून सूतकताईत गळणारा भुसा हा त्याचा मूळ अर्थ असावा. दुसऱ्या मतानुसार तो खाणकामगारांच्या बोलीतून, सुट्या दगडांच्या तुकड्यांवरून आला. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्याच्या गिरणी-बोलीशी पहिले मत अधिक जुळते. लेखी वापर साधारण १८३० नंतरचा. धंदा त्याआधीचा असून त्याचे श्रेय यॉर्कशरमधील बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याला (सु. १८१३) दिले जाते.

चिंध्या रंग व पोताप्रमाणे निवडून त्यांची बटणे, अस्तर व शिवणी काढतात. सुती धागा मिसळलेला असल्यास सौम्य गंधकाम्लात भिजवून तापवतात. सूत जळून ठिसूळ होते व झटकल्यावर गळते, लोकर टिकते. आम्ल नीट धुतले गेले नाही, तर मात्र लोकरही कमजोर होते. नंतर तेलाचा हात देऊन खिळ्यांच्या फिरत्या रुळाच्या यंत्रात फाडतात. तेल कमी पडले, तर तंतू सुटण्याऐवजी तुटतात. सैल विणीच्या कपड्यांपासून शॉडी, तर घट्ट दाबलेल्या कापडाच्या शिंपीकातरणांपासून अधिक आखूड तंतूंचा ‘मंगो’ मिळतो. सुताला बळ येण्यासाठी नवी लोकर मिसळावी लागते. ती वाचवली, की कापड घासताच विरते आणि शिवणीपाशी उसवते.

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) ठेकेदारांनी उत्तरेच्या सैन्याला पुरवलेले असे गणवेश लवकरच फाटले. शब्दाला बदनामी चिकटली ती मुख्यतः तेव्हा; युद्धावर गबर झालेल्यांनाही ‘शॉडी’ म्हणू लागले. नेमस्त मिश्रणाचे जाड ओव्हरकोट मात्र चांगले टिकत, हे दूषण देणारे विसरतात.

भारतात हरियाणातील पानिपत हे या धंद्याचे मोठे केंद्र. तेथे परदेशी जुन्या कपड्यांपासून स्वस्त ब्लँकेटे बनतात. यंत्राखाली उरणारा लोकरीचा भुसा नायट्रोजनयुक्त, सावकाश कुजणारे खत असल्याने इंग्लंडमध्ये हॉप (बिअरमध्ये वापरली जाणारी वेल) व ऱ्हूबार्ब (आंबट देठांची भाजी) यांच्या शेतांत घालत.